चौथा ग्लास

पाणी आम्ही समुद्रातून काढतो.
म्हणजे मीठ काढतो; उरतं ते गाव पितं.
उम्म-अल-सदफच्या प्लांटमध्ये माझं काम एवढंच:
दर दोन तासांनी बाटली भरायची, आकडे लिहायचे,
आणि मार्चपासून वहीत एक नवा रकाना,
ज्यात अजून शून्याशिवाय काही पडलेलं नाही.

आखातापलीकडे अणुभट्टी आहे.
दिसत नाही. हवा स्वच्छ असली तरी दिसत नाही.
पण मेसमधला मिसरी, अब्देल-मौला,
जेवताना त्या दिशेला पाठ करून बसतो.

टीव्ही मात्र समोर.
सरकारी वाहिनी. दुसरी लावायला रिमोटच नाही.
निवेदक इस्त्रीच्या आवाजात सांगतो,
आपल्या मित्रांकडे ते अस्त्र आहे,
आणि आहे, म्हणूनच ते कधी वापरावं लागणार नाही.
अब्देल-मौला मला हळूच उलगडून सांगतो,
शेवटचं वाक्य दोनदा.
मला वाटलं, मला कळलं नाही म्हणून.

मग काल रात्रीचा हल्ला. काल रात्रीचा, असं ते म्हणतात.
रॉडेलिओच्या आधी लक्षात आलं:
स्फोटाच्या जरा आधी चंद्रासमोरून एक पक्षी जातो,
एक पंख किंचित आखडलेला.
मंगळवारी गेला होता. गुरुवारीही.
आता आम्ही त्याच्यावर चहाची पैज लावतो.
बिचारा एकदाही चुकला नाही.

आमच्या धाकूमामाकडे वांदरांसाठी बंदूक होती.
ठासणीची. माजघरात खुंटीला, तीस वर्षं.
भरलेली की रिकामी, वांदरांना माहीत नव्हतं;
मामालाही आठवत नव्हतं.
तिच्यावरच तर नारळ टिकलेत, तो म्हणायचा.
एका दसऱ्याला पुजायची म्हणून पुसायला घेतली.
कुणाला काही झालं नाही.
तांब्याचा हंडा तेवढा आरपार गेला.
मामी किती तरी वेळ भोकावर अंगठा धरून उभी,
आणि दुसऱ्या बाजूने सांडतच होतं.

रविवारी ते आले,
कॅमेरा, छत्री आणि पावडर लावणारा एक पोरगा घेऊन.
मला पांढरा कोट दिला, पाठीमागे चार टाचण्या मारून.
म्हणाले, प्या. लोकांना दिसू दे.
पहिल्या ग्लासला मी कॅमेऱ्यात बघितलं.
दुसरा घटाघट प्यायलो; म्हणे, तहानलेला वाटतोस.
तिसऱ्याला मागे कुणी तरी खोकलं.
चौथा जमला.
चौथ्याला मी हसलोसुद्धा,
पोटाला तडस लागली होती आणि टाचणी टोचत होती.

जाताना मोजणीचं यंत्रही गाडीत घालून नेलं,
तपासणीला, म्हणाले.
सुपरवायझरला विचारलं, रकान्यात आता काय लिहू?
तो वहीकडे न बघता म्हणाला,
रोज लिहितोस तेच.

घरून फोन आला. कुणी तरी क्लिप पाठवली होती.
तब्येत सुधारलीय, सुलभा म्हणाली,
त्या कोटात अगदी डॉक्टर दिसता.
मग थोडं थांबून:
पाणी चांगलं आहे ना हो तिकडचं?
दिसलं ना टीव्हीवर, मी म्हटलं.
तीही काही बोलली नाही. रेंज जात होती,
निदान मी तसं म्हणालो.

आता रोज रात्री भोंग्यानंतर मी येतो.
पक्षी जातो, उजेड होतो, निवेदक गळा साफ करतो,
आणि मी ग्लास उचलतो.
मेसमध्ये कुणी पैज लावत नाही माझ्यावर.
रॉडेलिओ बाजारातून बाटलीबंद पाण्याची खोकी आणतो,
पलंगाखाली सरकवतो, काही न बोलता
एक माझ्याही पलंगाखाली.

दोन वाजलेत. बाटली भरून घेतली.
दिव्याखाली धरली. स्वच्छ आहे.
स्वच्छच असणार, दिसण्यासारखं त्यात काही नसतंच.
पेन उघडलं.
शून्य काढायला मला इतका वेळ
पहिलीत पाटीवरही लागला नव्हता.